उभ्या गाडीचा पाऊण तास

११ मार्च

दादा,

गाडीबद्दल फोनवर बोलायचं नाही, लिहून कळवायचं, हा तुमचा नियम. म्हणून हे पत्र.

तुम्ही दिलेली गाडी तापते आहे. मोकळ्या रस्त्यावर काही त्रास नाही, काटा मध्यावर शांत बसलेला असतो. गर्दीत अडकलो की दहा-बारा मिनिटांत तो वर सरकायला लागतो. परवा संध्याकाळी मोठ्या चौकात सिग्नलला तीनदा लाल लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. मागचा टेम्पोवाला उतरून आला आणि म्हणाला, "साहेब, चहा टाकलाय की काय?" बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, मग निघालो.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बघून सांगितलं, रेडिएटर चोंदलाय, बदला. पुढे म्हणाला, "पंख्याची मोटरपण बदलून टाका, ही कंपनीची नाही, कोणीतरी हाताने तार गुंडाळून बनवलेली आहे." मी त्याला हात लावू दिला नाही. मी भिंगं घासणारा माणूस. भिंगात केसाएवढा दोष असला तरी मला दिसतो, पण बॉनेट उघडलं की सगळं सारखंच दिसतं. काय करू ते सांगा.

तुमची बहीण बरी आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला आता संध्याकाळची पाळी आहे. पावणेपाचला मी दुकानातून येतो, ती जाते, जिन्यात भेट होते. आई मजेत. वहिनींचा गुडघा कसा आहे?

तुमचा,
मेव्हणा


१५ मार्च

मेव्हणेबुवा,

पत्र मिळालं. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट मनात टोचली. "परवा संध्याकाळी मोठ्या चौकात." तुमचं दुकान घराच्या पूर्वेला आणि मोठा चौक पश्चिमेला. पावणेपाचला तुम्ही घरी असता असं तुम्हीच लिहिता. मग तिकडे काय काम होतं? असो. सध्या गाडीचं बोलू.

तो मेकॅनिक ज्याला "कोणीतरी" म्हणतो तो मी. मी कुठल्या संस्थेचा कागद भिंतीवर लावलेला नाही. तेरा वर्षांचा असताना घरातला टेबलफॅन उघडला, वडिलांचा मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तो फॅन चालू करून दिला. तेव्हापासून आजपर्यंत शेकडो मोटरी गुंडाळल्या आहेत, एकही परत आलेली नाही. हे त्याला सांगा.

आता करायचं ते. गर्दीत काटा चढायला लागला की आधी एसी बंद करायचा. मग हीटर पूर्ण चालू करायचा, काचा खाली करायच्या. घाम येईल, येऊ द्या, इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडते. गिअर काढून रेस किंचित द्यायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, चेहरा भाजून घ्याल. सकाळी गार इंजिनवर पाणी किती आहे ते बघा, आणि ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधासारखं दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका, मला तार करा, म्हणजे फोन करा, तेवढ्यापुरता चालेल.

पंखा फिरतो का ते बघा. फिरत असेल तर पुढच्या जाळीसमोर वहीचा एक कागद धरा. पंखा हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटला पाहिजे. चिकटणारच. ती मोटर मी जानेवारीत स्वतःच्या हाताने गुंडाळली आहे, वेढे दोनदा मोजून. ही परीक्षा पंख्याची नाहीच, त्या मेकॅनिकचं तोंड बंद करण्यासाठी आहे.

आणि एक वही घाला. रोज सकाळ-संध्याकाळ वेळ, मीटरचे किलोमीटर, काटा कुठे, एसी चालू की बंद, पेट्रोल किती लिटर भरलं. अंदाजे काही लिहू नका. अंदाज मी करीन.

आईला म्हणावं, रविवारी नऊला फोन करतो.

दादा


४ एप्रिल

दादा,

सोबत वहीची पानं पाठवत आहे. अठरा मार्च ते तीन एप्रिल, सतरा दिवस, एकही दिवस चुकवलेला नाही. पाणी रोज थोडं कमी होतं, तेवढं भरतो. ऑइल स्वच्छ आहे. पंखा फिरतो. कागद चिकटला.

काटा संध्याकाळी चढतोच. मी पाऊण भागापर्यंत जाऊ देतो, मग दोन मिनिटं इंजिन बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ बंद ठेवता येत नाही.

एसी बंद करायचं तुम्ही लिहिलं होतं, ते जमत नाही. काचा खाली करता येत नाहीत. कारण विशेष काही नाही.

यावर बाहेरून काही उपाय असला तर कळवा. मेकॅनिक रोज विचारतो, "काय साहेब, ठरलं का?" मी मान हलवून पुढे जातो. त्याला वाटतं मी कंजूष आहे.

मेव्हणा


९ एप्रिल

मेव्हणेबुवा,

तुमची पानं मी दुकानातल्या बाकावर पसरली आणि दोन दिवस त्यांच्याकडे बघत बसलो. गिऱ्हाइकं परत पाठवली.

सतरा दिवसांत गाडी दोनशे बारा किलोमीटर चालली. घर ते दुकान सहा, येऊन-जाऊन बारा. सतरा दिवसांचे दोनशे चार, वर फक्त आठ, म्हणजे गाडी कामाशिवाय लांब कुठे गेलेली नाही. पेट्रोल मात्र एकतीस लिटर. ही गाडी माझ्या हातात चौदा द्यायची. तुमच्या गर्दीत बारा धरू. अठरा लिटर पुरायला हवं होतं. वरचे तेरा लिटर कुठे गेले?

मी तीन शक्यता मांडल्या. एक, कोणीतरी रात्री पेट्रोल काढतो. पण मग रोज थोडंथोडंच कसं जातं, चोराला इतका संयम कुठला. दोन, कोणीतरी मीटरची केबल काढून गाडी भाड्याने फिरवतो. "कोणीतरी" हा शब्द मी तुमच्या मेकॅनिककडून घेतला आहे. तीन, गाडी इंजिन चालू ठेवून एका जागी उभी असते. एसी लावून उभी गाडी तासाला साधारण एक लिटर पिते. तेरा लिटर भागिले सतरा दिवस, म्हणजे रोज पाऊण तास.

तिसरी शक्यताच खरी, कारण तुमची वहीच ते सांगते. सकाळच्या नोंदी शाईत, टेबलावर बसून केलेल्या. संध्याकाळच्या पेन्सिलीने, अक्षर वाकडं, गुडघ्यावर वही धरून लिहिलेलं. म्हणजे तुम्ही उभ्या गाडीत बसूनच लिहीत होतात. रोज सहाच्या सुमाराला. एसी सतरापैकी सतरा दिवस चालू. काचा बंद.

बायको कामावर गेल्यावर, घर सोडून, बंद काचांच्या गाडीत माणूस रोज पाऊण तास कशाला बसतो? तुम्ही माझ्यापेक्षा शिकलेले आहात, सांगा. आणि तेवढा वेळ माझी आई घरात एकटी असते का, तेही सांगा.

गाडी मी आईच्या सोयीसाठी दिली होती. ज्या कामासाठी दिली त्या कामाला येत नसेल तर परत नेईन.

दादा


१४ एप्रिल

दादा,

पेट्रोल कोणी काढत नाही. मीटर नीट आहे. गाडी उभी असते हे खरं आहे. आई एकट्या नसतात, एवढं खात्रीने सांगतो.

बाकीचं मला सांगता येत नाही, कारण मी तसा शब्द दिलेला आहे. तुम्हाला काय वाटेल ते मला कळतं. वाटू द्या. मला वाटेल ते बोला, पण गाडी नेऊ नका. संध्याकाळी गाडी नसेल तर या घराचं काय होईल, ते मला आजही नीट सुचत नाही.

वहीची नवी पानं पाठवत नाही. तुम्ही त्यातून इंजिनापेक्षा दुसरंच काही वाचता.

मेव्हणा


२० एप्रिल

धाकटे,

हे पत्र तुझ्या लाँड्रीच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतो आहे. घरी उघडू नकोस.

तुझ्या संसारात मी कधी तोंड घातलं नाही. घातलं असेल तर तुझ्या भल्यासाठी. पण आता गप्प राहिलो तर उद्या तूच म्हणशील, दादाला माहीत होतं आणि बोलला नाही.

मला तांब्याची तार पुरवणारा माणूस दर महिन्याला तुमच्या भागातून येतो. गाडी त्याने माझ्या दारात दहा वर्षं पाहिली आहे, मागच्या काचेवरचा चराही ओळखतो. काल सहज म्हणाला, "तुमची गाडी दिसली हो. बंद गोदामाच्या भिंतीला, इंजिन चालू. पुढे तुमचे मेव्हणे." मी विचारलं, एकटेच? तो तारेचं वजन करायला लागला. मी तराजू धरला. तेव्हा म्हणाला, "मागच्या सीटवर एक बाई होती. डोक्यावरून निळी शाल, तोंड दिसलं नाही. मेव्हणे मागे वळून तिच्याशी बोलत होते. हसत होते."

तुझा नवरा माझ्याशी सहा वर्षांत चार वेळा हसला असेल.

मी त्यांना सरळ विचारलं होतं. उत्तर आलं की शब्द दिलाय. कोणाला दिलाय शब्द? बायकोपासून लपवायचा शब्द माणूस कोणाला देतो?

रविवारी आईशी बोललो. ठणठणीत आहे. जावयाचं नुसतं कौतुक. तिच्या डोळ्यांदेखत काय चाललंय ते तिला कळत नाही, किंवा तीही सामील आहे. मला आता कोणाचाच भरवसा वाटत नाही.

शनिवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. आईलाही आणली असती, पण आमचे तीन जिने, वहिनीचा गुडघा, तुला माहीतच आहे. दोन महिन्यांसाठी म्हणून पाठवली होती, चार होत आले, तेही डोक्यात आहे माझ्या. पण आधी गाडी.

तू काही करू नकोस. त्यांना कळू देऊ नकोस.

दादा


२३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र इस्त्रीच्या मशीनपाशी उभी राहून वाचलं. चादर जळली. सुपरवायझर ओरडली, मी हसत होते, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

तुझी बाई सापडली. ती आई आहे. निळी शाल निघताना तूच तिच्या खांद्यावर टाकली होतीस.

आता सगळं सांगते, कारण तू शनिवारी येणार आणि सांगितलं नाही तर गाडी घेऊन जाशील.

सकाळी अकरापर्यंत आई तुला माहीत असलेली आई असते. तुझा फोन रविवारी नऊला यावा, ही सोय माझी. संध्याकाळी पाच वाजले की ती पिशवी भरायला घेते. टॉवेल, कंगवा, चष्म्याचं रिकामं घर. मग दारात जाऊन उभी राहते आणि म्हणते, मला घरी जायचंय. घर म्हणजे तुझं घर, दादा. मी समजावलं, रागावले, एकदा कुलूप लावलं. तिने दाराच्या काचेवर हात आपटला. काकडी चिरताना कापलं असं जे मी तुला सांगितलं होतं, ते हे.

मग एक दिवस हे म्हणाले, "चला आई, तुम्हाला सोडून येतो." खाली नेऊन गाडीत बसवलं. इंजिन सुरू झालं आणि ती शांत झाली. इतकी शांत मी तिला महिनाभर बघितली नव्हती. हे तिला फिरवत राहिले. पाऊण तासाने तिने विचारलं, "आलं का?" हे म्हणाले, "आलं." आमच्याच दारात उतरवलं. वर येऊन तिने भिंती बघितल्या आणि म्हणाली, "दादाने रंग चांगला काढलाय हो घराला." जेवली आणि झोपली. तेव्हापासून रोज.

मोठ्या चौकात वाफ आली त्या दिवशी ती गाडीत होती. ह्यांनी घाबरून इंजिन बंद केलं. इंजिन थांबलं की ती उठते. दार उघडून गाड्यांच्या चार रांगांमधून चालायला लागली, पिशवी हातात, "राहिलं थोडंसंच, जाते मी" म्हणत. टेम्पोवाल्याने दोन्ही हात पसरून गाड्या अडवल्या. चहाचा विनोद त्याने नंतर केला, ह्यांना जरा सावरायला. त्यानंतर हे चौकाकडे जात नाहीत. गोदामाच्या भिंतीला गाडी लावतात, दारांची लॉकं लावून, इंजिन चालू. काच खाली असली की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते, म्हणून एसी. आणि काटा चढला की दोन मिनिटं बंद. ती दोन मिनिटं हे तिच्याशी वळून बोलत राहतात, काहीबाही सांगून हसवतात. तुझ्या तारवाल्याने तेच पाहिलं.

आणि कागद. कागद चिकटला नव्हता, उडाला होता. तीनदा धरला, तिन्ही वेळा पायरीपर्यंत गेला. मी शेजारी उभी होते. ह्यांनी विचारलं, "काय लिहू?" तू लिहिलं होतंस की चिकटणारच. मी म्हटलं, चिकटला म्हणून लिहा, आपणच चुकीचा धरला असेल, दादाला राग येतो. ह्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मी उचलून दिलं.

शब्दही त्यांनी मलाच दिला होता. तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेला असतास, तीन जिने आणि खाली वाहता रस्ता. किंवा घेऊन गेला नसतास. मला या दुसऱ्याची भीती जास्त वाटत होती.

गाडी न्यायची तर ने. पण सकाळी येऊ नकोस, संध्याकाळी सहाला ये, आणि तिला तू स्वतः सांग.

धाकटी


२९ एप्रिल

मेव्हणेबुवा,

शनिवारी तुमच्याशी धड बोललो नाही. तुम्ही दार उघडलंत, मी पान्ह्यांची पेटी पुढे केली आणि सरळ गाडीकडे गेलो. समोरासमोर माफी मागायची सवय मी कधी लावून घेतली नाही. हे पत्र त्यासाठी आहे. तुमच्याबद्दल मी जे लिहिलं, आणि जे न लिहिता मनात धरलं, ते सगळं मागे घेतो.

दोष पंख्याचा होता आणि तो माझा होता. जानेवारीत मोटर गुंडाळली, बाकावर लावली, फिरली, आवाज स्वच्छ आला, मी खूश. फिरते तेवढंच पाहिलं, कुठल्या दिशेने ते पाहिलं नाही. जोडताना दोन तारा उलट गेल्या. पंखा हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलत होता. पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो, उभ्या गाडीला मात्र त्या पंख्याशिवाय आधार नाही. आमच्याकडे एकच सिग्नल, तोही बंद असतो, म्हणून मला कळलं नाही. आई आणि गाडी मी एकाच आठवड्यात तुमच्याकडे पाठवली, आणि दोन्ही ठीक आहेत असं समजून बसलो.

तारा बदलायला चार मिनिटं लागली. त्या मेकॅनिककडे जाऊन मी हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होतं असं." मला वाटलं होतं तो हसेल. तो रेडिएटरबद्दलही चुकला होता, पण मी ते काढलं नाही.

तुम्ही मला किल्ली दिलीत आणि वर निघून गेलात, मुद्दाम, ते कळलं मला. त्या पाऊण तासात काय झालं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

आई मागे बसली. पिशवी मांडीवर. मी आरशातून बघत होतो, तीही बघत होती. म्हणाली, "तुम्ही नवीन का?"

म्हटलं, "हो."

"आधीचा कुठे गेला? फार चांगला होता. गप्पा मारायचा."

"आज सुट्टीवर आहे."

"तुम्ही बोलत नाही वाटतं."

मी मोठ्या चौकाकडेच घेतली. मला काटा बघायचा होता. सिग्नलला तीनदा लाल लागला, चौथ्यांदाही लागला. काटा मध्यावरून हलला नाही. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा. कोणाला म्हणत होतो कोण जाणे.

मागून ती म्हणाली, "माझ्या मुलाकडे निघालेय. मोटरींचं काम करतो. सगळं स्वतः शिकला, कोणी शिकवलं नाही."

मी जरा ताठ बसलो.

"पण त्याला काही सांगायची सोय नाही," म्हणाली. "चुकलं म्हटलं की तीन तीन दिवस जेवायचा नाही. मग आम्ही सांगणंच सोडलं. त्याचे वडील, मी, धाकटी. सगळी त्याला छान छान म्हणतो आणि आपापलं निस्तरतो. हुशार आहे हो पण. एकटा पडला बिचारा."

सिग्नल हिरवा झालेला होता. मागचे हॉर्न वाजवत होते, मला पहिला गिअर सापडत नव्हता. माझ्याच गाडीचा.

तिने "आलं का?" विचारलं तेव्हा मी "आलं" म्हणू शकलो नाही. "थोडं राहिलंय" म्हटलं आणि अजून एक फेरी मारली.

दुकानामागची खालची खोली मी काल रिकामी करायला घेतली. जुन्या मोटरींचे सांगाडे होते, त्यातले निम्मे कधीच चालू होणार नाहीत. खिडकीला जाळी बसवतो, रस्त्याकडचं दार बंद करून आतून उघडतो. पंधरा दिवसांत होईल. तोपर्यंत दर शनिवार-रविवार संध्याकाळी मी येईन, त्या दोन दिवशी तुम्ही घरी पाय पसरून बसायचं. ही खोली जानेवारीतच रिकामी करता आली असती. का केली नाहीत, असं तुम्ही मला विचारलं नाहीत. या शनिवारी विचारा. धाकटीने विचारलं तरी चालेल. जेवीन मी.

आई आमच्याकडे आल्यावर गाडी तुमच्याकडेच राहील. आमच्याकडे ती मागते ते घरच आहे, गाडी लागू नये. लागली तर तुम्हाला लिहीन, कसं बोलायचं असतं तिच्याशी ते विचारायला.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. दारात उतरल्यावर तिने मला थांबवलं. माझ्या शर्टाची बाही दुमडलेली होती, ती तिने खाली ओढली, बटण लावलं, तेलाचा डाग बघून जीभ चुकचुकली. मग परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "येते हं, ड्रायव्हर," आणि जिना चढायला लागली. पहिल्या वळणावर थांबून तिने खाली एकदा बघितलं.

मी त्या रात्रीपासून हे पुन्हा पुन्हा तपासून बघतो आहे, आणि मला दाट संशय आहे की गाडीत बसल्यापासून ती मला ओळखत होती.

तुमचा,
दादा